अरबी 'दरबा' या धातूचे इतके अर्थ कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अरबी शिकायला सुरुवात केली, 'दरबा' म्हणजे 'त्याने मारलं' हे पहिल्याच धड्यात आलं. पण शब्दकोश उघडला तर त्याच धातूखाली नाणी पाडणं, प्रवास, दृष्टान्त देणं, तंबू ठोकणं, गुणाकार, कर, संप आणि चक्क पांढरा मध असं काहीही सापडतं. यातला मूळ अर्थ कोणता, बाकीचे त्यातून निघाले कसे, आणि आपली मराठी 'जरब' ती हीच का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. हो, जरब हीच. धातूची तीन अक्षरं म्हणजे दाद, रा, बा. यातलं पहिलं अक्षर अरब लोक जड, घट्ट 'द' सारखं उच्चारतात. अरबांना त्याचा इतका अभिमान की आपल्या भाषेला ते 'दादची भाषा' म्हणतात. इराण्यांच्या तोंडी मात्र त्याचा 'ज़' झाला, आणि आपल्याकडे अरबी शब्द आले ते बहुतेक फारसीच्या वाटेने, म्हणून आपला 'ज'. अर्ज, कर्ज, गरज, मर्जी, रजा, जप्त, जामीन, हजर, काजी, कजिया, जिल्हा या सगळ्यांतला 'ज' मुळात हाच दाद आहे. त्यामुळे यातला एखादा शब्द अरबी कोशात शोधायचा तर 'ज'खाली शोधू नका. पण सरसकट नियम करून बसायचंही कारण नाही. जमीन मोजायची जरीब दिसते जरबेच्या घरची, पण तिचं अक्षर जीम, धातू वेगळा. जरतारीतला 'जर' तर अरबीच नाही, फारसी आहे.

मराठीने या शब्दाचं जे केलं ते मोठं मजेशीर आहे. अरबीत 'दर्ब' म्हणजे प्रत्यक्ष प्रहार. आपल्याकडे प्रहार गळून पडला आणि त्याचा परिणाम तेवढा उरला. ज्या मास्तरांची वर्गावर जरब असते त्यांना छडी उचलावी लागत नाही. खुद्द अरबीतही हा धातू अनेकदा याच दिशेने सरकलेला दिसेल.

आता मूळ अर्थ. जुन्या अरबी कोशकारांनी यावर पुष्कळ डोकं चालवलं आहे. इब्न फारिस (मृत्यू इ. स. १००४) याने एक कोश असा रचला की प्रत्येक धातूखाली आधी सांगायचं, याचं मूळ एक की दोन की तीन. काही धातूंना तो बेधडक चार-पाच मुळं देतो. दाद-रा-बा या धातूला मात्र तो 'एकच मूळ' म्हणतो आणि पुढे जोडतो की बाकी सगळं त्यावरून उसनं घेतलेलं आणि त्यावर चढवलेलं आहे. कुराणातल्या शब्दांचा कोश करणारा रागिब अल-इस्फहानी त्याहून नेमकं बोलतो. त्याची व्याख्या अशी: एक वस्तू दुसरीवर पाडणं, आदळवणं. हातातली वस्तू, तिचा आघात आणि जिच्यावर आघात होतो ती, ही तिन्ही बदलली की अर्थ बदलतो.

व्याख्या सुंदर आहे, पण तिच्या जोरावर तुम्हाला एकही वाक्य वाचता येणार नाही. मूळ अर्थ कळला की बाकीचे आपोआप उलगडतील, ही समजूत नव्या विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान करते. आपलं 'मारणे' घ्या. हाक मारतो, गप्पा मारतो, फेरी मारतो, शिक्का मारतो, मिठी मारतो, कामाला दांडी मारतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने 'मारणे'चा मूळ अर्थ कितीही घोकला तरी 'मिठी मारली' यातून त्याला भांडणच दिसेल. अर्थ 'मारणे'त नाही, 'मिठी मारणे' या जोडीत आहे. दरबाचं अगदी तसंच आहे. फरक इतकाच की मराठीत ही जोडी नामाशी जुळते, अरबीत बरेचदा शब्दयोगी अव्ययाशी. 'फी' (मध्ये), 'अला' (वर), 'अन' (पासून), 'बि' (ने), ही चार चिमुकली अव्ययं दरबाच्या मागे काय उभी आहेत ते आधी बघायचं, मग कोश उघडायचा.

अव्यय न जोडता, थेट माणूस कर्म घेऊन आलेला दरबा म्हणजे सरळ मारहाण. व्याकरणाचं जगप्रसिद्ध वाक्य 'दरबा ज़ैदुन अम्रन', झैदने अम्रला मारलं. कर्ता-कर्म शिकवायला शेकडो वर्षं हेच वाक्य वापरतात आणि बिचारा अम्र मार खातो आहे. यावर एक गोष्ट सांगतात. दाऊद पाशा नावाच्या एका वजिराने अरबी शिकायला घेतलं आणि पंडिताला विचारलं, या अम्रचा गुन्हा काय? पंडित म्हणाला, गुन्हा वगैरे काही नाही, उदाहरण आहे. पाशा संतापला आणि त्याने पंडिताला तुरुंगात टाकलं. मग दुसरा आला, तोही गेला. असे कितीतरी व्याकरणकार आत गेल्यावर एक हुशार निघाला. म्हणाला, सरकार, अम्रने तुमच्या नावातलं 'वाव' हे अक्षर चोरलं आहे. अम्र हे नाव 'उमर'हून वेगळं कळावं म्हणून त्याच्या शेवटी एक न उच्चारला जाणारा वाव लिहितात, आणि दाऊद या नावात उच्चाराप्रमाणे दोन वाव हवेत तिथे एकच लिहितात. पाशा खूश झाला आणि सगळे पंडित सुटले. अरबी लिपीशी झगडून झालेल्या माणसालाच ही गोष्ट खरी चढते.

आता नाणी. इथे जरा थांबतो, कारण या धातूचा हा सगळ्यात चांगला पुरावा असलेला अर्थ आहे, आणि तो धातूवरच, म्हणजे सोन्याचांदीवर, कोरलेला आहे. उमय्या खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७७ मध्ये (इ. स. ६९६-९७) चित्रं काढून टाकून फक्त अक्षरांचा दिनार काढला. त्यावर लिहिलं आहे: 'बिस्मिल्लाह, दुरिबा हाज़ा-द्दीनार फी सनति सब्इन व सब्ईन', अल्लाच्या नावाने, हा दिनार सत्याहत्तर साली पाडला. 'दुरिबा' हे दरबाचं कर्मणी रूप. एका ठशावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा, म्हणून हा शब्द. टांकसाळीला नाव पडलं 'दार अद-दर्ब', फारसीत 'दारुज़्ज़र्ब'. पुढे मुघलांच्या रुपयावर 'ज़र्ब सूरत', 'ज़र्ब अहमदनगर' असं येतं, म्हणजे अमुक गावी पाडलेला. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपयासुद्धा याच वळणाचा. मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, आणि टांकसाळीचं नाव 'मुहियाबाद पूना'. मुहियाबाद हे औरंगजेबाने पुण्याला दिलेलं नाव. पुण्याच्या बोलण्यात ते टिकलं नाही, रुपयावर टिकलं. अशी नाणी हातात घेऊन वाचायची असतील तर एक ध्यानात ठेवा: ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे 'ज़र्ब' हा शब्द पुरा क्वचितच उमटतो. ज़ाद आणि रे (म्हणजे फारसीतले दाद आणि रा) दिसले की बे (बा) कडेबाहेर गेली असं समजायचं.

याच नाण्यातून रागिबने दृष्टान्ताची व्युत्पत्ती काढली आहे, आणि ती मला या संपूर्ण नोंदीतली सर्वांत देखणी वाटते. कुराणात 'दरबल्लाहु मसलन' हा प्रयोग पुन्हा पुन्हा येतो: अल्लाने दृष्टान्त दिला. चौदाव्या अध्यायात चांगल्या वचनाला चांगल्या झाडाची उपमा आहे, तिथेही हेच क्रियापद. दृष्टान्त 'मारतात' का? रागिब म्हणतो, हे दिरहम पाडण्यावरून आलं. दृष्टान्त म्हणजे अशा गोष्टीचा उल्लेख, जिचा ठसा दुसऱ्या गोष्टीत उमटतो. उर्दूत म्हणीला 'ज़र्बुल मसल' म्हणतात ते इथलंच. त्याच ओघात तो स्वभावालाही आणतो. माणसाच्या जन्मजात स्वभावाला अरबीत 'दरीबा' हा एक शब्द आहे आणि 'तबीआ' हा दुसरा. 'तबअ' म्हणजेही ठसा मारणं. म्हणजे आपली 'तब्येत' हीसुद्धा मुळात ठसाच.

'फी' लागला की अर्थ चालू लागतो. 'दरबा फिल अर्द', जमिनीवर मारलं, म्हणजे प्रवासाला निघाला. पायांनी जमीन तुडवणं असं त्याचं स्पष्टीकरण देतात. कुराण ४:१०१ मध्ये (अध्याय ४, आयत म्हणजे वचन १०१) प्रवासात नमाज आखूड करायची मुभा आहे, तिथे 'इज़ा दरब्तुम फिल अर्द' असं आहे. ७३:२० मध्ये रोजीरोटीच्या शोधात हिंडणाऱ्यांसाठीही हेच. इथे 'अर्द' हा शब्द गाळता येत नाही, हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. या प्रवासातूनच व्यापाराचा 'मुदारबा' आला. भांडवल एकाचं, हिंडणं-फिरणं आणि मेहनत दुसऱ्याची, नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा, तोटा झाला तर पैशाचा भांडवलवाल्याचा आणि श्रमाचा कष्ट करणाऱ्याचा. हा शब्द इराकी फकिहांचा, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांचा. हिजाझचे (मक्का-मदिनेकडचे) लोक त्याच कराराला 'किराद' म्हणत, आणि त्याचा धातू आपल्या 'कर्जा'चा. आजच्या अरबी वर्तमानपत्रात मुदारबा दिसला तर सावध राहा, तिथे तो शेअर बाजारातल्या सट्ट्यालाही वापरतात.

गुणाकारातही 'फी'च आहे. 'तीन दरबा फी चार' म्हणजे तीन गुणिले चार. गुणाकाराला 'हासिल अद-दर्ब', पाढ्यांच्या तक्त्याला 'जदवल अद-दर्ब'. उर्दू माध्यमात शिकलेल्यांना 'ज़र्ब देना' ओळखीचं असेल. प्रवास की गुणाकार हे 'फी'नंतर जमीन आहे की आकडा यावर ठरतं, त्यात घोटाळा होत नाही.

'अला' आला की काहीतरी वरून येऊन झाकतं. मुळाशी तंबू आहे. तंबू उभारायचा तर मेखा ठोकाव्या लागतात, म्हणून 'दरबा खैमा'. आपणही तंबू ठोकतोच. मग तंबूचं झाकणं तेवढं उचललं गेलं. कुराण २:६१ मध्ये लोकांवर 'मानहानी मारली गेली' असं शब्दशः येतं, त्यावर रागिब म्हणतो, तंबू आतल्यांना वेढून टाकतो तशी मानहानीने त्यांना वेढलं. गुहेतल्या झोपलेल्यांच्या कथेत (१८:११) 'दरब्ना अला आज़ानिहिम' आहे, त्यांच्या कानांवर मारलं. कानाखाली वाजवली असं नव्हे. टीकाकार, म्हणजे कुराणावर भाष्य लिहिणारे, सांगतात की 'पडदा' हे कर्म इथे अध्याहृत आहे: कानांवर पडदा टाकला, म्हणजे झोपवलं. २४:३१ मध्ये बायकांनी ओढण्या गळ्यावर ओढून घ्याव्यात असं म्हटलं आहे, तिथे 'बि' आणि 'अला' दोन्ही आहेत, ओढणीने गळ्यावर. कोणी कोणाला मारत नाही.

'अन' म्हणजे दूर होणं. 'दरबा अन' किंवा चौथ्या साधित रूपातला (आधी 'अ' जोडून केलेला) 'अदरबा अन' म्हणजे एखाद्या गोष्टीपासून तोंड फिरवणं, ती सोडून देणं. संपाचा 'इदराब' इथून आला. इंग्रजीतल्या 'स्ट्राइक'शी हा जुळतो म्हणून लोक हुरळून जातात आणि दोन्हीकडे 'प्रहारा'ची एकच कल्पना आहे असं सांगत सुटतात. ते खरं नाही. अरबी संप कामाकडे पाठ फिरवण्यातून आला, त्यात प्रहार नाही. अन्नाचा 'इदराब' म्हणजे उपोषण, तिथे तर हे अगदी उघड आहे.

बाकीचं भराभर. सतार वाजवायची मिजराब म्हणजे 'मिद्राब', तार छेडायचं साधन. कराला 'दरीबा', लादलेली गोष्ट. पूर्वी गुलामाने मालकाला रोज आणून द्यायच्या ठरलेल्या रकमेलाही हाच शब्द होता. दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींना २०१८ पासून प्रत्येक बिलावर पाच टक्क्यांच्या ओळीत तो अरबीत रोज दिसतो. 'इद्तिराब' म्हणजे खळबळ, उलघाल. 'दर्ब' म्हणजे प्रकार, जात. छंदशास्त्रात शेराच्या दुसऱ्या ओळीतला शेवटचा गण म्हणजे 'दर्ब', उर्दूत 'ज़र्ब'. मराठीत गझल लिहिणाऱ्यांनी मिसरा हा शब्द घेतला, ज़र्ब सोडून दिला.

आणि तो पांढरा मध. 'दरब' (मधला 'र' पूर्ण) म्हणजे घट्ट पांढरा मध, हे खरंच कोशात आहे. 'दर्ब' म्हणजे हलका पाऊस, आणि सडपातळ, चपळ माणूसही. तरफा हा इस्लामपूर्व कवी स्वतःला 'अर-रजुलुद-दर्ब' म्हणवतो, तुम्ही ओळखता तो सडसडीत गडी. या सगळ्यांना 'आदळण्या'शी जोडायचे प्रयत्न झाले आहेत, पण मला ते ओढूनताणून वाटतात. कोशकारांनी वाळवंटातल्या निरनिराळ्या टोळ्यांकडून शब्द गोळा केले, प्रत्येक शब्द तीन अक्षरांच्या खणात बसवला आणि मग खणातल्या सगळ्यांची नाती जुळवत बसले. एका खणात बसले म्हणून सगळे सख्खे होत नाहीत.

या धातूबद्दल बोलताना कुराणातलं ४:३४ टाळून चालत नाही, कारण आजकाल दरबाचे अर्थ विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात तेच असतं. बेबनाव करणाऱ्या पत्नीला आधी समजवावं, मग शय्या वेगळी करावी, आणि तिसरा शब्द 'वद्रिबूहुन्ना'. लालेह बख्तियार यांनी २००७ च्या इंग्रजी भाषांतरात याचा अर्थ 'त्यांच्यापासून दूर जा' असा केला आणि मोठा वाद झाला. दरबाला एवढे अर्थ आहेत, मग हा का नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. वर जे पाहिलं त्यावरून उत्तर देता येईल. दूर जाण्यासाठी 'अन' हवा, प्रवासासाठी 'फिल अर्द' हवं. इथे दोन्ही नाहीत, थेट माणूस कर्म आहे. 'त्याला मारलं' याचा अर्थ 'त्याच्यापासून लांब फेरी मारली' असा होत नाही, तसंच हे. जुन्या टीकाकारांनीही मारणं हाच अर्थ घेतला, आणि मग त्याला बंध घालत गेले: इजा होता कामा नये, तोंडावर नको, काहींच्या मते मिसवाकच्या (दात घासायच्या) काडीने. मक्केचे अता यांच्यासारख्या सुरुवातीच्या फकिहाचं मत तर मारू नये असं नोंदलेलं आहे. त्यांनी शब्दाचा अर्थ बदलला नाही, आज्ञेचा भार कमी केला. आजच्या वाचकाने त्या आयतीचं काय करावं हा नीतीचा आणि फिक्हचा (इस्लामी कायद्याचा) प्रश्न आहे, तो खुल्या मैदानात लढायला हवा. कोशातली अर्थांची यादी दाखवून तो सुटणार नाही. उलट बाजूने, 'दरबा म्हणजे मारणंच, दुसरं काही नाही' असं ठणकावणाऱ्यांना गुहेतल्या कानांचं काय केलंत ते विचारा.

आता कोश कसा वापरायचा. 'लिसान अल-अरब' घेतलात तर गोंधळू नका, त्याची मूळ मांडणी शेवटच्या अक्षरावर आहे. दरबा तिथे 'बा'च्या प्रकरणात, 'दाद'च्या पोटात मिळेल. अलीकडच्या काही आवृत्त्यांनी ती बदलून पहिल्या अक्षरावर आणली आहे. इब्न मंज़ूर (मृत्यू १३११) याने हा कोश पाच जुन्या कोशांतून जुळवला, त्यामुळे एकच अर्थ दोन-तीनदा थोड्या फरकाने येतो. त्याला वेगवेगळे अर्थ समजू नका. अरबीतून अरबी अजून जमत नसेल तर १८६३ पासून छापला गेलेला लेनचा अरबी-इंग्रजी कोश उत्तम, तो जुन्या कोशकारांचं म्हणणं नावानिशी देतो. अव्यय कुठलं, तेही सांगतो. वहीत टिपून घेताना 'दरबा = मारणे, प्रवास, गुणाकार' अशी ओळ कधीही लिहू नका. 'दरबा + फिल अर्द', 'दरबा + अला', 'अदरबा + अन' असं लिहा, आणि समोर एकेक वाक्य.

पुढचा धातू म्हणून रा-गैन-बा घ्या. 'रगिबा फी' म्हणजे हवंहवंसं वाटणं, 'रगिबा अन' म्हणजे नकोसं वाटणं, बरोबर उलट. कुराण ४:१२७ मध्ये अनाथ मुलींशी लग्न करण्याबद्दल हेच क्रियापद आलं आहे, आणि तिथे अव्यय गाळलेलं आहे. लग्न करावंसं वाटतं की करावंसं वाटत नाही, यावर टीकाकारांनी दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे. ती पानं वाचून बघा.